चोरबाजारातलं जुन्या फोनचं दुकान: माल खरा, चिठ्ठी खोटी

पाचपैकी साडेतीन स्टार. त्यातला अर्धा चहाचा आहे, ज्याला चहा आवडत नाही त्याने तीनच धरावेत.

दुकानाचं नाव टाकत नाहीये. एकतर पाटीच नाही, आणि दुसरं म्हणजे खाली जे लिहिलंय ते वाचून कोणीतरी दुकानवाल्या चाचांशी भांडायला जाईल आणि मग मला तिथे परत तोंड दाखवायची सोय राहणार नाही. मटण स्ट्रीटवर ग्रामोफोनचे भोंगे लटकवलेली दुकानं लागतात ना, त्यांच्या पुढे, एक जिना सोडून, आत लांबोडकं बोळासारखं दुकान. शुक्रवारी जाऊ नका, त्या दिवशी ही दुकानं बंद आणि रस्त्यावर जुम्म्याचा बाजार असतो, तो वेगळा प्रकार. मी डोंबिवलीहून जाते, सँडहर्स्ट रोडला उतरून चालत. गेल्या दीड वर्षात पाच फेऱ्या झाल्या, तीन फोन घेतले, दोन तिथेच रिपेअर करून घेतले. म्हणजे रिव्ह्यू लिहायचा हक्क पोचतो असं मला वाटतं.

दुकानात काय आहे तर नुसते फोन. चकतीचे, म्हणजे गोल डायल फिरवायचे. काळे सगळ्यात जास्त, मग थोडे पांढरट, दोनचार लाल, आणि समोरच्या फळीवर ओळीने पितळी, ज्यांच्याबद्दल मी पुढे बोलणारच आहे. चाचा कुठलाही फोन विकला की सोबत एक चिठ्ठी देतात, वहीच्या कागदावर, कंपनीचं नाव, देश आणि साल. तीनशे रुपये जास्त घेतात त्याचे. ही चिठ्ठी म्हणजे या दुकानाची शान आहे असं ते स्वतः म्हणतात, "कंपनी पहचान के देता हूँ, बाकी लोग सिर्फ अँटिक बोलते हैं." ही सर्व्हिस ऐकूनच मी गेले होते, आणि खरं सांगायचं तर हा रिव्ह्यू त्या चिठ्ठीचाच आहे.

पहिला फोन. काळा, जड, पुढे डायलच्या खाली एक छोटी पितळी पट्टी, तिच्यावर एरिक्सन, मेड इन इंग्लंड, १९३८. सांगितले साडेसहा हजार, घासाघीस करून अठ्ठेचाळीसशेला सुटला, वर चिठ्ठीचे तीनशे. चिठ्ठीवर पण तेच, एरिक्सन इंग्लंड १९३८. मी एकदम खूष. घरी आणून टेबलावर ठेवला, फोटो काढले, फॅमिली ग्रुपवर टाकले, आत्याने विचारलं वाजतो का, मी म्हटलं वाजायला कशाला पाहिजे.

आमचे बाबा बॉम्बे टेलिफोन्समध्ये लाइनमन होते, नंतर १९८६ ला एमटीएनएल झालं तेव्हा त्यात गेले, तिथूनच रिटायर. त्यांनी फोन हातात घेतला, पुढून बघितलासुद्धा नाही, सरळ उलटा केला. म्हणाले, "बाळा, हा तर आपलाच आहे. असे मी हजारो लावलेत." तळाच्या पत्र्यावर आय टी आय, बंगलोर. चाचांनी त्यावर गोल फेल्ट चिकटवलं होतं, हिरवं, कॅरमच्या स्ट्रायकरखाली शोभेल असं. ते सोलल्यावर दिसलं. मग बाबांनी स्क्रू काढले, आत डायलच्या मागे पण तेच, रिसीव्हरचं झाकण फिरवून काढलं तर आत पण तेच. पितळी पट्टी मात्र बाहेरून दोन चिमुकल्या स्क्रूने मारलेली, आणि त्या स्क्रूची भोकं नवीन, कडेला भुगा अजून लागलेला.

इथे थोडं थांबून सांगते कारण हा एक मुद्दा कळला की भारतात मिळणाऱ्या जुन्या फोनांपैकी बहुतेकांची कंपनी तुम्ही डोळे मिटून सांगाल. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, म्हणजे आय टी आय, १९४८ ला बंगलोरला सुरू झाली, स्वतंत्र भारताची पहिली सरकारी कंपनी धरतात तिला, तिच्या वसाहतीचं नावसुद्धा दूरवाणीनगर. टेक्नॉलॉजी घेतली लिव्हरपूलच्या ऑटोमॅटिक टेलिफोन अँड इलेक्ट्रिक कंपनीकडून. त्यामुळे सुरुवातीचा आपला फोन बघितला की तो इंग्रजीच वाटणार, वाटायलाच पाहिजे, घराणंच ते. आणि फोन बनवायला खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली ती थेट १९८४ ला, तोपर्यंत बटणांचे फोन आले होते. म्हणजे साधा हिशोब: भारतातल्या घरातून निघालेला, पन्नास ते ऐंशीच्या दशकातला चकतीचा फोन असेल तर तो जवळपास नक्की आय टी आय. त्याच्या आधीचा असेल तर विलायती. मध्ये तिसरं काही फारसं नाही. तुमच्या आजोबांकडे ओवायटीमध्ये, म्हणजे आगाऊ रक्कम भरून फोन लवकर मिळवायच्या योजनेत, पैसे भरून, नाहीतर सातआठ वर्षं वेटिंग लिस्टमध्ये काढून आलेला जो काळा फोन होता, ज्याला छोटं कुलूप लावून आजी किल्ली कमरेला खोचायची, तो १९३८ चा एरिक्सन नव्हता हो.

आणि आय टी आय निघाला म्हणून मला वाईट वाटलं का तर नाही वाटलं. वाईट याचं वाटलं की आय टी आयचाच म्हणून विकला असता तर मी आनंदाने अडीच हजार दिले असते. वरचे तेवीसशे त्या पट्टीचे गेले. आणि तीनशे चिठ्ठीचे, ते तर विसरूच नका.

पुढच्या खेपेला फोन घेऊनच गेले. वाटलं होतं चाचा कानावर हात ठेवतील. तसं झालं नाही आणि इथेच त्यांना मी स्टार दिलेत. त्यांनी फोन उलटा बघितला, हसले, म्हणाले, "ये पट्टी तो मेरे पास ऐसे ही आई थी बेटी, मैंने खोला नहीं." मग ड्रॉवरमधून स्क्रू ड्रायव्हर काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले आता जो फोन बघायचा तो उघडून बघ. पैसे परत नाही दिले, ते सोडा, पण दुसऱ्या फोनवर सतराशे कमी केले. आजूबाजूच्या दोन दुकानांत मी उघडून बघू का विचारलं तर हाकललंच होतं जवळजवळ, सील तुटेल म्हणे. सत्तर वर्षांच्या फोनला कसलं सील.

तर उघडल्यावर काय बघायचं. मी बाबांकडून आणि स्वतः चुका करून शिकले ते सांगते, क्रमाने नाही, जसं आठवेल तसं.

आकार बघून कंपनी सांगणारा माणूस एकतर फार थोर असतो नाहीतर फेकत असतो, चाचा दुसऱ्या गटातले. कारण आकार एका कंपनीचा राहतच नाही. तो आपला ओळखीचा काळा फोन आठवा, खाली पसरट, वर खांद्यासारखा चढत गेलेला आणि रिसीव्हर आडवा ठेवलेला. ते रूप मुळात नॉर्वेचं. जाँ हाइबर्ग नावाच्या चित्रकाराने आणि ब्यर्कनेस नावाच्या इंजिनिअरने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला केलं, स्वीडनच्या एल एम एरिक्सनने ते जगभर नेलं, त्याच्यावरून ब्रिटिश पोस्ट ऑफिसने १९३७ ला त्यांचा ३३२ नंबरचा फोन काढला, आणि तो एकट्याने नाही बनवला, पाचसहा कारखान्यांकडून बनवून घेतला. इंग्लंडमध्ये फोन पोस्टाचा असायचा, गिऱ्हाइकाचा नाहीच. त्यामुळे एकाच साच्यातले दिसणारे दोन फोन शेजारी ठेवलेत तर एक सीमेन्स ब्रदर्सचा, दुसरा जीईसीचा, तिसरा आणखी कोणाचा. बाहेरून जुळी भावंडं.

मग फरक कुठे, तर शिक्क्यात. ब्रिटिश फोनच्या तळावर नाहीतर मागे मॉडेल नंबर असतो आणि त्याच्या आसपास कंपनीचा छोटा कोड नि सालाचे शेवटचे दोन आकडे. पी एल म्हणजे प्लेसी, टी एम सी म्हणजे टेलिफोन मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, एस टी सी म्हणजे स्टँडर्ड टेलिफोन्स अँड केबल्स, पी एक्स म्हणजे फीनिक्स. नंबरापुढे एल असेल तर डायलवर इंग्रजी अक्षरंही आहेत, एफ असेल तर नुसते आकडे. आणि एफ डब्ल्यू आर दिसलं तर जरा दमाने घ्या, तो बनवणाऱ्याचा कोडच नाही, पोस्टाच्या वेल्समधल्या कारखान्यात तो दुरुस्त होऊन परत बाहेर पडलाय असा अर्थ. म्हणजे साल दुरुस्तीचं, जन्माचं नाही. चाचांकडे एका फोनवर हे होतं आणि त्यांनी चिठ्ठीवर कंपनी म्हणून एफ डब्ल्यू आर लिहून वर कंसात "इंग्लंड की बडी कंपनी" असं टाकलं होतं. मी फोटो काढून ठेवलाय त्याचा.

एकाच शिक्क्यावर विश्वास मात्र ठेवू नका. तळाचं साल, डायलच्या पाठीवरचं साल, रिसीव्हरच्या दांडीच्या आतल्या बाजूचं, हे तिन्ही मिळतायत का बघायचं. या फोनांचं आयुष्य एक्स्चेंजच्या दुरुस्ती विभागात गेलंय, तिथे कोणी कलेक्टर बसलेला नव्हता, समोरच्या ढिगातला चालू डायल उचलायचा आणि लावायचा. त्यात ब्रिटिशांच्या १६२, २३२ आणि ३३२ या तिन्ही मॉडेलना रिसीव्हर एकच, १६४ नंबरचा, त्यामुळे अदलाबदल अजून सोपी. बाबा म्हणतात गणपती आहेत सगळे, धड एकाचं शिर दुसऱ्याचं, आणि तरी पूजेला चालतात. कलेक्टर मंडळींना मात्र चालत नाही, सगळे पार्ट एका सालाचे असतील तर किंमत दुप्पट होते, म्हणून विकणारे तळाचा पत्राच बदलतात. स्क्रूच्या खाचा बघा, घासून चकचकीत झालेल्या असतील तर कोणीतरी हल्लीच आत जाऊन आलंय.

माझा दुसरा फोन अशा तपासणीतून पास झालेला. ३३२, खाली छोटा ड्रॉवर असलेला. ड्रॉवर सगळ्यांना नसतो, त्यात नंबरांचं कार्ड ठेवायचे. चिठ्ठीवर काय, तर सीमेन्स, जर्मनी. आता उघडल्यावर आत सीमेन्स होतंच, चाचा तेवढं बरोबर बोलले, पण पूर्ण नाव सीमेन्स ब्रदर्स, आणि हे लंडनचे. वुलिचला कारखाना. मूळ घर एकच होतं खरं, पण पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन मालकी काढून घेतली आणि तिथून हे बिऱ्हाड वेगळं झालं. बर्लिनवाले ते सीमेन्स अँड हाल्स्के, त्यांचे डब्ल्यू ३६, डब्ल्यू ४८ हे फोन दिसायला पण वेगळे. ही चूक नुसती चाचांची नाही हं, ऑनलाइन विकणारे पण सर्रास करतात. तसंच एरिक्सनचं. एक एल एम एरिक्सन, स्टॉकहोम, १८७६ पासूनचे. दुसरे एरिक्सन टेलिफोन्स, इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळ बीस्टनला, पुढे १९६१ ला प्लेसीत गेले. नुसतं एरिक्सन लिहिलेली चिठ्ठी म्हणजे नुसतं "कुलकर्णी" लिहिलेलं पाकीट, पोस्टमन काय करणार त्याचं.

आता तिसरा फोन, माझा लाडका, आणि इथे चाचांची चिठ्ठी चुकली ती माझ्या फायद्याची चुकली. मागच्या कोपऱ्यात एक काळा फोन धूळ खात होता, साडेनऊशे रुपये फक्त. का इतका स्वस्त विचारलं तर म्हणाले, "डायल का कागज गलत लगा है, किसी ने उल्टा पुल्टा कर दिया." बघितलं तर आकडे १ पासून सुरू होण्याऐवजी ० पासून सुरू. म्हणजे आपल्याकडे जिथे १ असतो तिथे ०, मग १, २ असं करत शेवटी ९. माझ्या अंगावर काटाच आला, कारण हे मी वाचलेलं होतं. चुकीचा लागलेला नाही, तो स्वीडनचा डायल आहे. जगात बहुतेक ठिकाणी १ फिरवला की लाइनवर एक ठोका, म्हणजे पल्स, जातो आणि ० ला दहा, स्वीडनमध्ये ० ला एक ठोका, १ ला दोन, असं. चेहरा शांत ठेवून साडेनऊशे मोजले, घासाघीस पण नाही केली, चाचांना तेवढ्यानेच संशय यायला हवा होता. घरी आल्यावर तळ उघडला, एल एम एरिक्सन, स्टॉकहोम. बाबांना दिला तर ते दहा मिनिटं नुसता डायल फिरवत बसले आणि ठोके मोजत बसले. आपल्या लाइनवर लावला तर २ फिरवल्यावर ३ जाणार, आणि ९ फिरवला तर दहा ठोके म्हणजे आपलं शून्य. शेजाऱ्यांना फोन लावायचा तर आधी गणित करा.

याचा अजून एक चुलतभाऊ आहे न्यूझीलंडचा, तिथे आकडे चक्क उलटे, ९ पासून खाली १ पर्यंत आणि ० आहे तिथेच. ऑस्लो शहरात पण तसाच. त्यात ५ आणि ० तेवढे आपल्यासारखे जातात, बाकी सगळे उलटे. म्हणूनच इंग्लंडचा इमर्जन्सी नंबर ९९९ आणि न्यूझीलंडचा १११, फिरवताना दोन्हीकडे नऊ नऊ नऊ ठोकेच जातात, मशीन तीच चालते. सांगायचं काय तर डायलवरचा आकड्यांचा क्रम हा फोन उघडण्याच्याही आधी बघा, देश तिथेच कळतो कधीकधी. फक्त एक, बाहेर विकायला बनवलेले स्वीडिश फोन ज्या देशात जायचे त्या देशाच्या डायलचे असायचे, त्यामुळे १ पासून सुरू आहे म्हणजे स्वीडिश नाही असं उलटं धरू नका.

बरं, आता त्या पितळी फळीकडे येऊ.

दुकानात शिरल्यावर पहिलं तेच दिसतं. उभा खांब, वर बोलायचं भांडं, बाजूच्या हुकला ऐकायचा भोंगा, जुन्या सिनेमात असतो तसा, कँडलस्टिक म्हणतात त्याला. खाली इंग्रजीत कोरलेलं, लंडन १९२० नाहीतर वेस्टर्न इलेक्ट्रिक नाहीतर सरळ "रॉयल". यातला एकही खरा नाही. मी चाचांना तोंडावर विचारलं तेव्हा त्यांनीच सांगितलं की मुरादाबादचा माल आहे, किलोवर येतो. गंमत म्हणजे आत बऱ्याचदा आय टी आयचीच मशिनरी भरलेली असते, म्हणजे बंगलोरचा जीव आणि मुरादाबादचं शरीर. ओळखायची खूण एकदम सोपी: खऱ्या कँडलस्टिकच्या पोटात घंटी नसतेच. त्या काळात घंटी वेगळ्या लाकडी पेटीत भिंतीवर असायची आणि वायरने जोडलेली. तेव्हा खांबाच्या बुडात घंटी वाजत असेल, हिरवी सर्किटची पाटी दिसत असेल, मागे आजच्या लँडलाइनसारखी प्लास्टिकची पिन लागत असेल, तर तो शोभेचा आहे. आणि चकतीच्या भोकांत बटणं असतील तर मग विचारायलाच नको. शोपीस म्हणून घ्यायचा तर जरूर घ्या, दिवाणखान्यात छान दिसतो, माझ्या नणंदेने घेतलाय. पण त्याला पण चाचा तीनशेची चिठ्ठी देतात, यासाठी एक पूर्ण स्टार कापलाय मी.

अमेरिकन फोन या दुकानात जवळजवळ नाहीत, पण विषय निघालाच आहे तर. माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, त्याने तिकडच्या गॅरेज सेलमध्ये एक काळा फोन घेतला आणि मला फोटो टाकला, ताई हा कोणाचा. तळावर ५०० हा आकडा आणि बेल सिस्टिम प्रॉपर्टी, विकण्यासाठी नाही असा शिक्का. एका मिनिटात उत्तर, वेस्टर्न इलेक्ट्रिक. तिकडे बेलवाले, म्हणजे तिकडची सगळ्यात मोठी फोन कंपनी, फोन भाड्याने द्यायचे आणि बनवायची त्यांचीच कंपनी, शिकागोजवळ हॉथॉर्नला मोठा कारखाना. ५०० च्या आधीचा ३०२, तो १९३७ चा, दोन्ही हेन्री ड्रायफसने डिझाइन केलेले. त्यांची सवय फार चांगली, जवळपास प्रत्येक पार्टवर महिना आणि साल छापायची, घंटीवर, डायलवर, रिसीव्हरच्या आतल्या चकत्यांवर, त्यामुळे सगळं जुळतंय का ते पोरगंसोरगंही सांगेल. बेलच्या बाहेरच्या छोट्या कंपन्यांचे ऑटोमॅटिक इलेक्ट्रिक, स्ट्रॉमबर्ग कार्लसन, केलॉग, त्यांचं नाव साधारण तळावर नीट लिहिलेलं सापडतं. भावाला म्हटलं दुसरा दिसला तर मला घेऊन ठेव, तो म्हणाला बॅगेत तीन किलो जातात ताई, त्यापेक्षा तुझ्यासाठी बदाम आणतो.

आता रिपेअरिंगबद्दल, कारण चाचांच्या दुकानाचं ते दुसरं अंग आहे आणि तिथे माझी खरी तक्रार आहे. काम करणारा मुलगा हुशार आहे, डायल मंद फिरत होता तो त्याने समोर बसून उघडला, साफ केला, सेकंदाला दहा ठोके म्हणजे जो पाहिजे तो वेग कानाने ऐकून बरोबर आणला, मशीन वगैरे काही नाही. आवाज घोगरा येत होता तर रिसीव्हर तळहातावर दोनदा आपटला, आतल्या माइकमध्ये कोळशाचे दाणे असतात ते घट्ट बसलेले असतात, ते सुटले, आवाज साफ. याचे पैसे पण नाही घेतले. इथपर्यंत पाचपैकी पाच.

पण मी दोन दिवसांनी ३३२ परत घ्यायला गेले तर तो लखलखत होता. इतका की माझं तोंड दिसत होतं त्यात. काळा स्प्रे मारलेला! वर जुनी सुती विणीची वायर काढून टाकून गुंडाळी होणारी प्लास्टिकची लावली, "नया कर दिया मॅडम." मला तिथेच रडू यायचं बाकी होतं. बेकलाइटची, म्हणजे हे काळे फोन ज्या जुन्या टणक प्लास्टिकचे असतात त्याची, मजाच ती आहे, अंगठ्याने जोरात घासलं की गरम होऊन औषधासारखा, कार्बोलिकसारखा उग्र वास येतो, त्याच्यावरून खरा बेकलाइट की नंतरचं प्लास्टिक ते कळतं. रंग मारला की वास गेला, आणि दांडीवरचा कोरलेला शिक्का रंगाने बुजला तो वेगळाच. म्हणजे कंपनी ओळखायची एक जागा गेली. जुनी वायर नशिबाने कचऱ्याच्या टोपलीत होती, मी स्वतः हात घालून काढली. रंग उतरवायला घरी मला तीन रविवार लागले, लाकडी काडी आणि कापूस घेऊन, आणि तरी एका कोपऱ्यात अजून दिसतो. तेव्हा रिपेअरला द्या, पण आधी कागदावर लिहून द्या की रंग नाही, पॉलिश नाही, वायर बदलायची नाही, आणि त्या कागदाचा फोटो काढा. रंगावरून आठवलं, लाल, हिरवा नाहीतर हस्तिदंती ३३२ कोणी बेकलाइट म्हणून विकत असेल तर थांबवा त्याला, ते रंगीत अॅक्रिलिकचे असायचे, वजनाला हलके लागतात. खरे असतील तर काळ्यापेक्षा महाग जातात, म्हणूनच काळ्यावर लाल स्प्रे मारलेले फार सापडतात. नखाने तळाच्या कडेला खरवडून बघा, आतून काळा निघाला की नमस्कार करून पुढे जायचं.

चालतो का फोन, हे सगळे विचारतात म्हणून. आमच्याकडे आता फायबर आहे आणि त्या डब्याला चकतीचे ठोके कळतच नाहीत. आलेला फोन घेता येतो, घंटी जरा अशक्त वाजते पण वाजते. बाहेर लावायचा तर मध्ये ठोक्यांचा टोन करणारी छोटी डबी लावावी लागते. चाचा म्हणतात "सब चालू है", त्याचा अर्थ घंटीच्या तारांना हाताने करंट दिला तर वाजते, एवढाच घ्यायचा.

भाव म्हणाल तर सांगतील त्याच्या साठ टक्क्यांवर यायला हरकत नाही, साधा आय टी आय चांगल्या कंडिशनमध्ये दोन ते अडीच हजाराच्या वर घेऊ नका, निदान या दुकानात तरी. दुपारी तीननंतर जा, सकाळी गिऱ्हाईक बघून भाव चढतो. आणि "जहाज का माल है" हे ऐकलं की कान बंद करा, दारूखान्यातून, म्हणजे मुंबईत जुनी जहाजं तोडायची जी जागा आहे तिथून, जहाजांचं सामान येतं हे खरंच आहे, पण मटण स्ट्रीटवर जेवढे जहाजाचे फोन विकले गेलेत तेवढी जहाजं बहुतेक बुडालेली पण नसतील. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार रविवार थोडं स्वस्त मिळतं असं ऐकून एकदा गेले होते, तिथे फोन कमी आणि उघडू कोणीच देत नाही, म्हणून परत चाचांकडेच.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुकानात शिरले तर एक कॉलेजचा मुलगा पितळी कँडलस्टिक हातात घेऊन उभा, चाचा चिठ्ठी लिहायला बसलेले. मला बघितल्यावर पेन थांबलं. मग मुलाला म्हणाले, "एक मिनट, ये मॅडम से पूछ लो, इनके वालिद टेलिफोन में थे." मी खरं सांगितलं. मुलाने तो ठेवून दिला आणि एक साधा काळा आय टी आय घेतला, बावीसशेला, तळ उघडून, साल बघून. चिठ्ठी मी लिहिली, चाचांच्याच वहीत, आणि चाचांनी त्याचे तीनशे घेतलेच, वर मला चहा सांगितला.